पांढऱ्या गोलाच्या वीतभर बाजूला

लोखंडी पूल आला की मी आजही गाडी बाजूला घेतो, उतरतो आणि कठड्यावरून वाकून खालचं लोखंड बघतो. बायको गाडीतूनच ओरडते, "अहो, तुम्ही पोलीस खात्यातून रिटायर झालात की बांधकाम खात्यातून?" तिचं काही चुकत नाही. मला पुलातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक प्रकरण असं हाताशी आलं की तेव्हापासून ही खोड लागली ती लागलीच. ते प्रकरण सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही, ज्यांची आहेत त्यांना कळतील.

मी तेव्हा गोंडपिपरीच्या पुढच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यावर चार जुने लोखंडी पूल होते. धान कापणीचे दिवस होते. सकाळी बायकांना शेतावर नेणारा एक ट्रॅक्टर त्यातल्या पहिल्या पुलावर आला आणि मध्यावर रस्ताच खचला. खालचा आडवा बीम टोकाशी फाटला होता. ट्रॉली कलंडली. जीव कुणाचा गेला नाही, पण एका बाईचा पाय ट्रॉली आणि कठड्याच्या मधे सापडला. चंद्रपूरला नेलं, तिथं गुडघ्याखाली कापावा लागला. चाळिशीची बाई, दोन एकर धान आणि मोहफुलाच्या दिवसांत जंगल, एवढ्यावर घर चालवणारी.

लोकांनी दोन तास रस्ता अडवला. साहजिक होतं. मी पंचनामा केला, अज्ञात इसमाविरुद्ध हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला आणि जमाव शांत करून ठाण्यात आलो. अज्ञात इसम हा शब्द आमच्या फार सोयीचा असतो. पण तिसऱ्याच दिवशी तो इसम ज्ञात झाला. पूल ज्या खात्याकडे होता, त्याचे उपअभियंता स्वतः लेखी तक्रार घेऊन आले.

त्यांचं म्हणणं असं. पुलाच्या ठरलेल्या बारा जागी लोखंडाची जाडी दरवर्षी मोजायची असते. त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र असतं. हे काम त्यांच्या कार्यालयातला एक मिस्त्री करायचा. त्याच्या नोंदी नागपूरच्या एका कॉलेजात प्राध्यापक बाईंकडे जायच्या. त्या बाई कॉम्प्युटरवर हिशेब मांडायच्या, की लोखंड दरवर्षी किती झिजतंय आणि याच वेगानं झिजलं तर पूल अजून किती वर्षं टिकेल. त्यांचा निष्कर्ष होता, पूल ठणठणीत, अजून कित्येक वर्षं काळजी नाही. म्हणून दुरुस्ती झाली नाही.

उपअभियंत्यांनी नोंदवही माझ्यापुढे उघडली. "हे बघा साहेब. सहा वर्षं. पहिल्या जागी पावणेबारा मिलिमीटर, दुसऱ्या वर्षी पावणेबारा, सहाव्या वर्षीही तेच. बाराच्या बारा जागा अशाच. पावसात उभं असलेलं लोखंड सहा वर्षांत केसाएवढंही झिजत नाही का? घरी बसून मागच्या पानावरचं उतरवलंय यानं. खोट्या नोंदी केल्याचं कलम लावा आणि उचला."

मला पटलं. खोट्या नोंदी मी आयुष्यभर पाहिल्या. आमच्याच खात्यात रात्रगस्तीची वही संध्याकाळी भरून ठेवणारे महाभाग मी पकडले आहेत. त्यात दुपारी एक खबर आली. पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारा माणूस हवालदाराला भेटला. हवालदार त्याच भागातला, त्याला लोक मोकळेपणी बोलत. टपरीवाला म्हणाला, "आठ वर्षं झाले मी इथी टपरी टाकून राह्यलो. त्या मिस्त्रीले यंत्र घेऊन पुलावर कदी पाह्यलो नाई. एकदा बी नाई. काऊन खोटं बोलू?"

झालं. वही आणि साक्षीदार, दोन्ही एका दिशेला. मी मिस्त्रीला बोलावून घेतलं.

पन्नाशीचा, काटक, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला माणूस. पुलाच्या अलीकडच्या जंगलातल्या गावचा. ठाण्यात पहिल्यांदाच आला असावा, कारण खुर्ची दिली तरी बसेना. मी दोन तास त्याला घोळात घेतलं. वर्षं उलटसुलट विचारली, जागा उलटसुलट विचारल्या.

इथं एक अनुभवाची गोष्ट सांगतो. बनाव रचून आलेला माणूस तपशील पाठ करून येतो, आणि तो तपशील धुतल्या कपड्यासारखा स्वच्छ असतो. जो खरोखर जागेवर गेलेला असतो तो आधी कुरकुर करतो. या माणसाला आकडे धड आठवत नव्हते. पण चौथी जागा काढताच तो म्हणाला, "तिथी मधमाश्या हायेत साहेब. दोन साल झाले, हात घालू देत नाई. कान सुजला होता माहा." सातवी जागा? "तिथी उभं राहाले जागा नाई, एका पायावर मोजा लागते. किती डाव सायबाईले म्हटलो का शिडी द्या." शिडीचा विषय निघाल्यावर तर त्यानं मलाच पाच मिनिटं सुनावलं.

हवालदार दारात उभा होता. मी बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "साहेब, हा घरी बसून लिहिणारा मानूस वाटत नाई. घरी बसला असता तं शिडी कायले मागितली असती?"

"मग टपरीवाल्याला सहा वर्षांत दिसला कसा नाही?"

"ते बी खरंच हाय," हवालदार डोकं खाजवत म्हणाला.

हा पेच मला सोडवेना, आणि खरं सांगतो, मला त्यात आता मजा वाटू लागली होती. एका बाईचा पाय गेलेला असताना मजा हा शब्द वापरताना लाज वाटते, पण पोटात ती भूक असल्याशिवाय तपास होत नाही. वरून फोन येत होते, अटक झाली का म्हणून. अटक झाली असती तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि गावात तो जन्मभर बाईचा पाय घेणारा ठरला असता. मी दोन दिवस मागून घेतले, मिस्त्रीला हजर राहण्याची नोटीस दिली आणि नागपूरच्या प्राध्यापक बाईंना यंत्र घेऊन यायची विनंती केली.

त्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर झाल्या. पस्तिशीच्या, पायात बूट, पाठीला सॅक. उपअभियंता, दोन पंच, हवालदार, मिस्त्री आणि आम्ही असे पुलावर गेलो. मी मिस्त्रीला म्हटलं, "चला, तुम्ही पुढं. दरवर्षी जसे जाता तसेच जा."

तो पुलावर गेलाच नाही. पुलाच्या अलीकडे, टपरीच्या बरंच आधी, झाडीतून एक पायवाट नाल्यात उतरत होती. तो तिथून खाली उतरला, वाळूतून चालत पुलाच्या पोटाखाली गेला आणि खांबाच्या कडेनं वर चढला. लोखंड मोजायचं असतं ते खालून, मग वरून कशाला जाईल? त्याच्या गावाहूनही हीच वाट जवळची. टपरीवाला आठ वर्षं वरच्या रस्त्याकडे तोंड करून बसला होता. तो खोटं बोलला नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या हासडल्या.

बीमवर पांढऱ्या रंगानं गोल काढलेले होते, पंजाएवढे, आत क्रमांक. बाईंनी मला यंत्र समजावून सांगितलं. लोखंडाला टेकवलं की ते आत आवाज सोडतं. तो आवाज पलीकडच्या बाजूवर आदळून परत यायला जेवढा वेळ लागतो त्यावरून जाडी कळते. मधे हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही, म्हणून आधी काहीतरी चिकट लावावं लागतं. मला हे इतकं आवडलं की मी ते तीनदा करून बघितलं. उपअभियंते घड्याळ बघत होते.

पहिल्या गोलात यंत्र टेकवलं. पावणेबारा. दुसऱ्या गोलात वहीतलाच आकडा. पाचव्या गोलापर्यंत उपअभियंत्यांचा चेहरा उतरला. वहीत एकही नोंद खोटी नव्हती. मिस्त्रीची मान जरा ताठ झाली.

"मग बीम फाटला कसा?" मी विचारलं. बाई वहीतले आकडे पुन्हा पडताळू लागल्या.

लहान मुलाच्या हातात नवं खेळणं आल्यावर तो ते जिथं तिथं लावून बघतो, तसं माझं झालं होतं. मी म्हटलं, "मॅडम, हे जरा गोलाच्या बाहेर लावून बघूया का? इथं, वीतभर बाजूला."

बाईंनी खरवडायला पत्री घेतली. वरचा रंग बोटानंच निघाला, आणि त्याखालून गंजाचे पापुद्रे निघत राहिले, एकावर एक, वाळूत पडत राहिले. खालचं लोखंड लागल्यावर यंत्र टेकवलं. सहाच्याही आत. त्यांनी दुसऱ्या बाजूला लावलं, तेवढंच. परत गोलात लावलं, पावणेबारा. एकाच पत्र्यावर, एका वितेच्या अंतरात लोखंड निम्मं झालं होतं, आणि बरोबर जिथं मोजायचं तेवढाच पंजा शाबूत होता.

बाईंनी गोलावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि मिस्त्रीकडे वळल्या. "भाऊ, मोजून झाल्यावर तुम्ही या जागेला काय करता?"

मिस्त्रीला वाटलं, कौतुकानं विचारताहेत. त्यानं खिशातून छोटी बाटली काढली. "पयल्या साली हापिसातून यंत्राले लावाची ती चिकट जेल भेटली होती, मंग कोणी देल्ली नाई. मी घरचं तेल आणतो. टोळीचं." टोळी म्हणजे मोहाच्या बिया. त्यांचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. "मोजलो का पुसून घेतो, लाल रंगाचा हात मारतो, सुकला का वरून तेल चोपडतो. पाऊस सरला का अजून एकदा येतो. पांढरा गोल नवा करतो."

"आणि मागच्या बाजूला?"

"तिकडं बी. हात घालून. अर्धं काम कायले करू?" मग आमचे चेहरे बघून तो गोंधळला. "खरवडलेलं लोखंड उघडं टाकून येऊ का मॅडम? घरच्या कुऱ्हाडीले तरी कोणी तसं ठेवते का?"

त्या भागात खरंच कुणी ठेवत नाही. कुऱ्हाड असो, विळा असो, नांगराचा फाळ असो, काम झालं की तेलाचं बोट फिरवल्याशिवाय आढ्याला अडकवत नाहीत. हवालदारानं मान डोलावली, त्याच्या घरीही तेच. मिस्त्रीला सांगितलं होतं, दरवर्षी याच जागी मोज. त्यानं मोजलं. मोजलेली जागा तशीच सोडून दे, तिला हात लावू नकोस, हे मात्र सहा वर्षांत त्याला कुणी सांगितलं नाही, कारण असं कुणी करत असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाई खाली वाळूत बसल्या. "मी दोषी आहे, साहेब," त्या सरळ म्हणाल्या. "मी एकदाही इथं आले नाही. कॉम्प्युटरला जे आकडे दिले त्यावरून त्यानं सरळ आडवी रेष काढली. इतकी छान रेष पाहून मला आनंद झाला. अहो, लोखंड असं वागत नाही. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती."

मिस्त्री एकदा गोलाकडे आणि एकदा पडलेल्या पापुद्र्यांकडे बघत होता. सावकाश त्याच्या ध्यानात आलं. "म्हंजे साहेब, मी खोटा नाई."

"नाही."

"पर माहे आकडे खोटे."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असला धक्का मी पकडलेल्या खुन्यांच्या तोंडावरही पाहिलेला नव्हता.

मी पंचनामा लिहायला बसलो. जागेवर बसून लिहायचं म्हणजे तासभर जातो. सह्या घ्यायला मान वर केली तर मिस्त्री नाही. ज्या सायकलवर तो आला होता तीही नाही. उपअभियंते उसळले, "पळाला! साहेब, म्हणत होतो ना मी, आधी अटक करा?" नोटिशीवर सोडलेला माणूस घटनास्थळावरून पसार, हे वर काय तोंडानं सांगणार?

तेवढ्यात हवालदाराचा फोन वाजला. पुढच्या पुलावर कुणी माथेफिरू रस्त्यात आडवी सायकल टाकून बसलाय, एसटी अडवून धरलीय, मारामारी चालू आहे.

आम्ही जीप पळवली. दुसरा पूल सहा किलोमीटरवर. एसटी पुलाच्या तोंडाशी उभी, खच्चून भरलेली, मागं दोन ट्रक. रस्त्याच्या मधोमध मिस्त्री मांडी घालून बसला होता. शर्टाची बाही फाटलेली, ओठातून रक्त. चार माणसं त्याला ओढत होती आणि तो पुन्हा येऊन बसत होता. मला पाहून त्यानं हात जोडले.

"इथी बी मीच मोजलो साहेब. इथी बी तेल लावलो. आता धरा मले, पर ते गाडी नका जाऊ देऊ."

मी ड्रायव्हरला सांगितलं, जीप आडवी लाव. लोक माझ्यावरही ओरडले. एकजण म्हणाला, पोलीसच रस्ता अडवाले लागले तं पाहाचं कोणाकडे? बाई एव्हाना खाली उतरल्या होत्या. पांढऱ्या गोलाच्या वीतभर बाजूला त्यांनी हातातला पेचकस टेकवून दाबला. तो पत्र्यातून आरपार गेला.

मी एसटीच्या कंडक्टरला खाली नेऊन ते भोक दाखवलं. मिस्त्रीच्या ओठावर ठोसा मारणारा तोच होता. तो वर आला, त्यानं एकेका प्रवाशाला उतरवून, पंधरा पावलांचं अंतर ठेवून पायी पलीकडे नेलं, आणि शेवटी येऊन मिस्त्रीच्या हातात आपली पाण्याची बाटली दिली. मिस्त्री पाणी प्यायला नाही. म्हणाला, "अजून दोन राह्यले साहेब. चला ना." संध्याकाळ व्हायच्या आत चारही पुलांवरची जड वाहनं बंद झाली.

एवढ्या नोकरीत मी प्रत्येक प्रकरणात एकच शोधलं, खोटं कोण बोलतंय. या प्रकरणात वही खरी होती, टपरीवाला खरा होता, यंत्र खरं, कॉम्प्युटर खरा, मिस्त्री तर सगळ्यांत खरा. तरी एका बाईचा पाय गेला. त्यानंतर मी कुठल्याही साक्षीदाराला, तू खरं बोलतोस का, हे विचारायच्या आधी, तू कुठं उभा होतास, हे विचारायला लागलो. पुढच्या दोन-तीन गुन्ह्यांत त्याचा फार उपयोग झाला.

पण मिस्त्रीचं काय करायचं हे शिल्लक होतं. खोट्या नोंदीचं कलम उडालं, तरी खात्याला कुणाला तरी घरी पाठवायचं होतं आणि सगळ्यांत खालचा तोच होता. बडतर्फीचा प्रस्ताव तयार झाल्याचं मला कळलं. त्याच आठवड्यात मिस्त्री ठाण्यात आला. म्हणाला, "मले त्या बाईच्या घरी घेऊन चाला साहेब. एकट्याची हिंमत होत नाई."

ती दवाखान्यातून घरी आली होती. अंगणात खाटेवर बसून लाखोरीची डाळ निवडत होती. मिस्त्रीनं मान वर न करता सगळं सांगून टाकलं, तेलापासून पापुद्र्यांपर्यंत. "मी खोटं लिहिलो नाई बाई. पर तुमचा पाय माह्याच आकड्यानं गेला."

तिनं निवडणं थांबवलं. मग म्हणाली, "पाय तं आता येत नाई. तू रडून का होते?" आणि थोड्या वेळानं, "मंग आता कसं मोजाचं असते ते सांग मले."

मला वाटलं टोमणा मारते आहे. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मिस्त्रीनं चुलीजवळचा तवा मागून घेतला, उताणा-पालथा करून दाखवला. एकाच जागी मोजायचं नाही, पाणी साचतं तिथं मोजायचं, सांध्यात माती बसते तिथं मोजायचं, मोजलेल्या जागेला रंग लावला तर पुढच्या साली ती सोडून दुसरी घ्यायची. प्राध्यापक बाईंनी त्याला हे सगळं शिकवलं होतं. ती मधे मधे विचारत होती, तो सांगत होता. अर्धा तास तरी गेला असेल. मी आणि हवालदार नुसते ऐकत बसलो.

शेवटी ती माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्ही लिहून घेता ना? मंग लिहा. याले काढाचं नाई. दुसरा कोणी आला तं तो नव्यानं चुकन, अन् कोणाचा तरी पाय घेईन. याले माहीत झालं हाय. पूल यानंच मोजाचे."

मी जीपमधून कागद मागवला, खाटेच्या कडेला बसून तिचा पुरवणी जबाब शब्दन् शब्द लिहून घेतला आणि तिला वाचून दाखवला. तिनं सही केली. तो कागद मी त्याच दिवशी त्याच्या खात्याकडे पाठवला, आणि मिस्त्रीची नोकरी राहिली.